भिंती नसलेले ऑफिस

मराठी नाट्यपरीक्षणाचा शेवटचा परिच्छेद हात सवयीने लिहून टाकतो. नेपथ्य साजेसे, प्रकाशयोजना पूरक, पार्श्वसंगीत प्रसंगांची रंगत वाढवणारे. संहिता, दिग्दर्शन आणि अभिनय यांचा निकाल वरच लागलेला असतो. उरलेल्यांना एकेक विशेषण देऊन बोळवले की मजकूर छापायला मोकळा. प्रस्तुत लेखकानेही असे परिच्छेद पुष्कळ पाडले आहेत, तेव्हा पुढची तक्रार घरापासूनच सुरू होते असे समजावे.

हाँगकाँगचे दिग्दर्शक जॉनी टो यांचा ‘ऑफिस’ हा संगीतपट सप्टेंबर २०१५ मध्ये चीनच्या चित्रपटगृहांत आणि त्याच महिन्यात टोरांटोच्या महोत्सवात आला. गुंड आणि पोलिसांच्या चकमकी नृत्यासारख्या बांधणे ही या दिग्दर्शकाची ख्याती. ‘द मिशन’, ‘इलेक्शन’, ‘ड्रग वॉर’ हे त्यांचे नावाजलेले चित्रपट. संगीतपट त्यांनी पहिल्यांदाच केला, तोही कॉर्पोरेट कंपनीवर आणि थ्री-डीत. समीक्षकांनी सेट डोक्यावर घेतला, कॅमेऱ्याला दाद दिली, नटमंडळींचे कौतुक केले आणि गाण्यांपाशी आल्यावर अनेकांचा आवाज खाली आला. चाली लक्षात राहत नाहीत, गोष्ट ओळखीची आहे, उपहासाला धार नाही. दिसायला देखणा, आतून बेताचा, असा एकूण शेरा. आमच्या परीक्षणात नेपथ्य तळाला असते, इथे ते पहिल्या ओळीत आले. तुकडे पाडून गुण देण्याची रीत मात्र तीच.

हा निकाल सपशेल चुकीचा आहे असे म्हणवत नाही. पण जो सेट ‘देखणा’ म्हणून बाजूला काढून ठेवला गेला, त्यातच चित्रपटाचे म्हणणे होते, असे आमचे मत आहे.

गोष्ट २००८ ची. ‘जोन्स अँड सन’ या बड्या कंपनीचे समभाग बाजारात यायचे आहेत. अध्यक्ष हो (चाउ युन-फॅट) आणि मुख्य कार्यकारी अधिकारी विनी चँग (सिल्व्हिया चँग) यांचे वीसहून अधिक वर्षांचे गुप्त नाते आहे; अध्यक्षांची पत्नी हॉस्पिटलात कोमात आहे. कंपनीत मोठा हिस्सा देण्याचा शब्द विनीला मिळालेला आहे. त्यातच हिशेब तपासायला ऑडिटची माणसे दारात येतात. मधल्या फळीतला डेव्हिड (इसन चॅन) कंपनीच्या पैशांवर बाजारात खेळतो आहे, आणि आकडे सांभाळणारी सोफी (टँग वेई) त्याच्या गोड बोलण्यात ओढली जाते आहे. सगळ्यांत खालच्या पायरीवर दोन नवे चेहरे. त्यांतली मुलगी अध्यक्षांची लेक, पण हे कुणाला ठाऊक नाही. मुलाचे नाव ली शियांग. चिनी कानांना हे नाव ऐकताना ‘आदर्श’ हा शब्दही ऐकू येतो, आणि पहिल्या दिवशी धापा टाकत कामावर आलेल्या पोराला हे नाव ठेवण्यात लेखिकेचा खट्याळपणा आहे. लेखिका म्हणजे स्वतः सिल्व्हिया चँग. त्यांनी लिहिलेल्या आणि २००८ मध्येच रंगमंचावर आलेल्या नाटकावर चित्रपट बेतला आहे.

आता सेट. तो विल्यम चँग यांचा. वाँग कार-वाय यांच्या ‘इन द मूड फॉर लव्ह’मध्ये जे अरुंद बोळ, फुलाफुलांचे कागद डकवलेल्या भिंती आणि अंगाला खेटून जाणारे शेजारी दिसतात, ते याच माणसाच्या हातचे. त्यांनी इथे भिंतीच काढून टाकल्या. भिंत असायला हवी तिथे पोलादी नळ्यांच्या आणि उजेडाच्या रेषा उभ्या केल्या. केबिन म्हणजे केबिनची रेघांनी काढलेली आकृती. तिच्यातून पलीकडची केबिन दिसते, तिच्यापलीकडची टेबले, जिने, माणसे, आणखी माणसे. मधोमध एक अजस्र घड्याळ फिरत असते. ऑफिस सुटल्यावर तरी ही रचना सुटेल म्हणावे, तर मेट्रो, हॉस्पिटलची खोली, राहते घर, सगळे याच नळ्यांत बांधलेले. डोळ्यांवर थ्री-डीचा चष्मा असला की या रेषा एकामागे एक थर लावून उभ्या राहतात आणि पाहणारा जणू पिंजऱ्याच्या आत बसतो.

नाटकवाल्या मराठी माणसाला इथे १९७२ चे ‘घाशीराम कोतवाल’ आठवावे. विजय तेंडुलकरांच्या या नाटकात जब्बार पटेलांनी भिंत माणसांची केली. बारा ब्राह्मण ओळीने उभे राहायचे, गायचे, झुलायचे, पाठ फिरवली की भिंत व्हायचे. मागे काय चालले आहे ते ती भिंत झाकायची आणि हवे तेव्हा बाजूला सरून दाखवायचीही. पुण्यातली आख्खी सत्ता कशावर उभी आहे, ते त्या रांगेनेच सांगितले. कुणी ‘रांगेची कल्पना छान, बाकी आशयाचे बघू’ असे लिहिले असते, तर नाटक हातचे निसटले असते. ‘ऑफिस’मध्ये उलट बाजूने तेच घडते. भिंत नाही, सगळे सगळ्यांना दिसते, आणि तरी वीस वर्षांचे नाते, खात्यातली अफरातफर, लेकीची ओळख यांतले काहीच कुणाला दिसत नाही. दिसणे आणि कळणे यांच्यात एवढे अंतर असू शकते, हे संवादातून सांगायला गेले तर भाषण होते. सेटने ते एकही शब्द न बोलता सांगितले.

काचेच्या केबिनींचा अनुभव आता आपल्याकडेही पुष्कळांना आहे. ओपन ऑफिस आले तेव्हा पारदर्शकता येणार, साहेब आणि शिपाई यांच्यातली भिंत पडणार, असे सांगितले गेले. झाले असे की बोलण्यासारखे जे काही होते ते सगळे खालच्या चहाच्या टपरीवर आणि फायर एक्झिटच्या जिन्यात गेले. काचेच्या मीटिंग रूममध्ये दोघे जण दहा मिनिटांहून जास्त बसले की साऱ्या मजल्याला कुणाचा तरी राजीनामा दिसू लागतो. टपरीवाल्याला कंपनीतल्या बदल्या एचआरच्या आधी कळतात, हा विनोद राहिलेला नाही.

गाण्यांवरच्या तक्रारीचा विचार याच जागेवरून करायला हवा. संगीतपटात, किंवा आपल्या संगीत नाटकातही, गाणे हा पात्राचा खासगी कोपरा असतो. नायिका दोन पावले पुढे येते, मनातले गाते, आणि शेजारी उभा असलेला खलनायक तेवढ्यापुरता सभ्यपणे बहिरा होतो. हा करार प्रेक्षकाला मान्य असतो. इतका, की पद संपल्यावर तो ‘वन्स मोअर’ घेऊन नाटकाची गाडी खुशाल थांबवतो. ‘ऑफिस’मध्ये असा कोपराच नाही. माणूस गाऊ लागला तरी त्याच्या पाठीमागे तीस टेबले दिसत असतात. म्हणून इथली बरीच गाणी समूहाची आहेत आणि त्यांचा विषय धावपळ, वेळ, पायरी, पगार हा आहे. ती एखाद्या परिपत्रकाला चाल लावावी तशी वाटतात. ज्यांना हे खटकले त्यांचे कान बरोबर होते. पण त्याचे कारण त्यांनी संगीतकाराच्या प्रतिभेत शोधले.

संगीतकार लो टा-यू काही कच्चा गडी नव्हे. वैद्यकीचे शिक्षण घेतलेला हा तैवानी गायक-गीतकार १९८० च्या दशकात आपल्या टोकदार गाण्यांनी चिनी भाषकांच्या पिढीचा आवाज झाला, आणि १९८१ मध्ये सिल्व्हिया चँग यांच्या आवाजात त्याने बालपणावर जे गाणे केले ते अजून लोकांच्या तोंडी आहे. गुणगुणण्याजोगी चाल त्याला येत नव्हती असे नाही. तरीही सगळे त्याच्या पदरात घालून मोकळे होता येत नाही. समूहाच्या गाण्यांत ही कोरडी, खटाखट चाल शोभते. डेव्हिड आणि सोफी यांच्यात मात्र प्रेक्षकाला क्षणभर तरी ऊब जाणवायला हवी होती, म्हणजे पुढचा विश्वासघात लागला असता. तिथेही चाल टेबलावरून उठत नाही. त्यातून इसन चॅन हा कँटोनीज पॉपमधला बडा गायक. तो पडद्यावर असताना प्रेक्षक कान टवकारून बसणारच, आणि एवढ्या गळ्याला एवढेसेच काम, असे त्याला वाटणारच. ली शियांग आणि अध्यक्षांची लेक हे तरुण जोडपेही फिकेच आहे. समीक्षकांच्या या तक्रारी आम्हाला मान्य आहेत.

तुलनेसाठी ऑफिसवरचा एक जुना संगीतपट घेऊ. ‘हाऊ टू सक्सीड इन बिझनेस विदाउट रिअली ट्राइंग’ हे फ्रँक लेसर यांचे ब्रॉडवेवरचे नाटक १९६१ चे, त्याला १९६२ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला, आणि १९६७ मध्ये त्याचा चित्रपट झाला. खिडक्या पुसणारा एक पोरगा यशाचे मार्गदर्शक पुस्तक हातात धरून कंपनीच्या शिखरावर चढतो. यातला सगळ्यांत बोचरा प्रसंग अधिकाऱ्यांच्या वॉशरूममधला. नायक दाढी करता करता आरशातल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहून गातो, आणि ते गाणे चक्क प्रेमगीत आहे. चाल इतकी लाघवी की आपणही त्याच्यावर भाळतो, आणि भाळताना पकडले जातो. कॉर्पोरेट उपहास गोड चालीतून करता येतो, याचा हा पुरावा. ‘ऑफिस’ने दुसरी वाट धरली, हे मान्य केले तरी पहिली वाट उपलब्ध होती हे विसरता येत नाही. त्या वाटेवर आरसा हवा, दरवाजा हवा, आतून कडी लावायची सोय हवी. टो यांनी ती सोय काढून टाकली आणि तिची किंमत गाण्यांनी मोजली.

पाश्चात्त्य समीक्षकांना ‘आर्थिक संकट आणि गाणी’ ही जोडी अंमळ विचित्र वाटली. आपल्याला गाण्याचे नवल नाही, पण आपल्याकडचे गाणे सहसा ऑफिसात थांबत नाही. ते नायक-नायिकेला उचलते आणि थेट स्वित्झर्लंडला नेते. कामावरचे गाणे मराठीत होते, ते गिरणगावात. अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांच्या कलापथकांनी साचे, भोंगा, चाळ आणि संप यांना डफावर आणले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, लोअर परळच्या त्याच जमिनींवर काचेचे टॉवर आले. रात्री आठला त्या टॉवरांतून स्टेशनकडे निघालेली गर्दी गिरणी सुटल्यानंतरच्या गर्दीहून लहान नसावी. तिचा शाहीर कोण, हे आम्हाला तरी सांगता येणार नाही. हाँगकाँगच्या एका साठीतल्या दिग्दर्शकाने निदान त्या गर्दीला कोरसमध्ये उभे केले.

तिसरी तक्रार उपहासाच्या धारेची. हाव वाईट, बाजार निर्दय, एवढे सांगायला एवढा सेट कशाला, असा तिचा रोख. इथे दिग्दर्शकाचे आधीचे काम लक्षात घ्यायला हवे. लेहमन ब्रदर्स १५ सप्टेंबर २००८ ला बुडाली तेव्हा हाँगकाँगच्या मध्यमवर्गाला जो फटका बसला तो वर्तमानपत्रातल्या आकड्यांपुरता नव्हता. लेहमनने रचलेले ‘मिनीबाँड’ नावाचे गुंतागुंतीचे रोखे तिथल्या बँकांनी तीस हजारांहून अधिक ग्राहकांना विकले होते. नावात ‘बाँड’ आहे म्हणजे पैसा सुरक्षित, अशी समजूत करून घेणाऱ्यांत निवृत्त माणसे पुष्कळ. बँकांसमोर निदर्शने झाली, आणि जुलै २००९ मध्ये १६ बँकांनी पात्र ग्राहकांना मुद्दलाचे ६० टक्के, आणि पासष्टी गाठलेल्यांना ७० टक्के देऊन ते रोखे परत घ्यायचे कबूल केले.

हा सगळा राग टो यांनी २०११ च्या ‘लाइफ विदाउट प्रिन्सिपल’मध्ये आधीच पडद्यावर आणला होता, तोही एका टेबलावर. बँकेतली विक्रीचे लक्ष्य न गाठलेली तरुणी समोरच्या वयस्क बाईला धोक्याचा फंड विकते आहे. नियमाप्रमाणे संभाषण ध्वनिमुद्रित होते आहे. प्रत्येक कलम वाचून झाल्यावर बाईने ‘समजले’ असे स्पष्ट म्हणायचे आहे. बाई शंका विचारू लागते, तर तरुणी समजूत घालते की शंका नको, फक्त ‘समजले’ म्हणा. बाई म्हणते. पुन्हा म्हणते. प्रसंग लांबत जातो, त्यात ना बंदूक ना रक्त, आणि तरी पाहताना मान अवघडते. ज्याने हा प्रसंग ‘ऑफिस’च्या चार वर्षे आधी चित्रित केला, त्याला बाजाराची यंत्रणा कळत नव्हती असे कुणी म्हणू नये. ती सांगून झाली होती. ‘ऑफिस’मध्ये त्याने यंत्रणेचा आतला आकार दाखवला आहे: कोण कोणाच्या वर बसतो, कोण कोणाला पाहू शकतो, आणि काटा फिरत असताना कुणाला थांबता येत नाही.

चित्रपट आला तो मुहूर्तही लक्षात घेण्याजोगा. २४ ऑगस्ट २०१५ ला शांघायचा निर्देशांक एका दिवसात साडेआठ टक्क्यांनी कोसळला. त्याच दिवशी मुंबईत सेन्सेक्स १,६२४ अंशांनी आपटला, हे आपल्याकडच्या डिमॅटवाल्यांना आठवत असेल. ‘ऑफिस’ चीनमध्ये लागला तो नऊ दिवसांनी, २ सप्टेंबरला. पडद्यावर डेव्हिड कंपनीचा पैसा बाजारात लावून बसलेला, आणि खुर्च्यांत बसलेल्यांपैकी काहींनी त्या उन्हाळ्यात स्वतःचा लावलेला. २००८ ची म्हणून लिहिलेली गोष्ट त्या आठवड्यात जुनी राहिली नसावी. टोरांटोत बसून ‘हे सगळे आधीच ठाऊक आहे’ असे लिहिणे सोपे होते.

काचेच्या ऑफिसवरचा आणखी एक चित्रपट अशाच फेऱ्यातून गेला. जाक ताती यांनी ‘प्लेटाइम’साठी पॅरिसबाहेर काच-पोलादाचे एक छोटे शहरच उभारले, सत्तर एमएमवर चित्रीकरण केले आणि १९६७ च्या अखेरीस चित्रपट आणला. गोष्ट कुठे आहे, नायक कुठे आहे, असे तेव्हा विचारले गेले. चित्रपट पडला, तातींचे दिवाळे निघाले. आज तो जगातल्या थोर चित्रपटांत धरला जातो. त्यात एका रेस्टॉरंटचे काचेचे दार फुटते, आणि दरवान नुसती मूठ हातात धरून, नसलेले दार अदबीने उघडून पाहुण्यांना आत घेत राहतो. पाहुणेही नसलेल्या दारातून सभ्यपणे आत येतात. ‘ऑफिस’चे आख्खे नेपथ्य जणू त्या मुठीतून निघाले आहे. मात्र तातींना उशिरा न्याय मिळाला म्हणून टो यांचाही चित्रपट आपोआप त्या पंक्तीत बसतो, असा हिशेब आम्ही मांडत नाही. तातींनी गोष्टच सोडून दिली होती. टो यांनी गोष्ट ठेवली, तिच्यात प्रेमप्रकरणे ठेवली, गाणी ठेवली, आणि मग त्या गोष्टीला या थंड सेटमध्ये जगायला लावले. ती काही ठिकाणी गारठते.

आता या चित्रपटावर जे नवे अभिप्राय लिहिले जातात ते बहुतेक लॅपटॉपवर पाहून. तिथे थ्री-डी नाही. एकामागे एक उभ्या असलेल्या रेषा एकाच पातळीत चिकटतात, पिंजऱ्याचा जाळीदार पडदा होतो, आणि ‘सेट सुंदर, पण सजावटी’ हा शेरा तेवढ्यापुरता खराही ठरतो. मुंबई-पुण्याच्या एखाद्या फिल्म सोसायटीने तो मोठ्या पडद्यावर, चष्म्यांसकट दाखवायचे मनावर घ्यावे. चष्मे भाड्याने मिळतात. खेळ कामाच्या दिवशी सायंकाळी साडेसातनंतरचा ठेवावा, म्हणजे ऑफिस सुटून येणाऱ्यांना गाठता येईल.